एम्बॉसिंग पावडर घेताना रंगाआधी दाणा बघा : सांगलीतल्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. हाताने कार्डं करणाऱ्याला तीन बाटल्या भरपूर झाल्या: बारीक दाण्याची पांढरी, बारीक दाण्याची सोनेरी आणि एक पारदर्शक. त्यापुढचं सगळं हौसेचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बाहेरून येणाऱ्या एवढ्याशा बाटलीला काही शे रुपये पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. मुंजीची, डोहाळजेवणाची, बारशाची आमंत्रणं, संक्रांत-दिवाळीची शुभेच्छापत्रं आणि आहेराची पाकिटं असं घरगुती काम करते. गेल्या दिवाळीच्या ऑर्डरींपासून या पावडरी सतत हाताखाली आहेत. मधे इथला उन्हाळाही झाला आणि पावसाळाही, आणि दोन्हींत पावडर वेगवेगळी वागते.

ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिकट, सावकाश वाळणाऱ्या शाईने शिक्का मारायचा, शाई ओली असतानाच वर पावडर ओतायची, जास्तीची झटकून परत बाटलीत घालायची आणि कागदावर राहिलेल्या नक्षीला हीट गनची गरम हवा द्यायची. पावडर म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या राळेचे कण. ते वितळून एकजीव होतात, गार झाले की नक्षी उठून येते आणि बोटाला लागते. लग्नपत्रिकांवरची उठावाची अक्षरं छापखान्यात याच तत्त्वावर होतात. तिथे ओल्या छपाईवर पावडर पडते आणि पत्रिका तापलेल्या बोगद्यासारख्या यंत्रातून पुढे सरकते.

आता दाणा. बाटलीवर रंग आधी डोळ्यात भरतो आणि दाण्याचा प्रकार कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. तो आधी शोधा. अमेरिकेच्या रेंजर कंपनीच्या बारीक पावडरीवर ‘सुपर फाइन डिटेल’ असं लिहिलेलं असतं. ब्रिटनच्या वॉवच्या बाटल्या ‘सुपर फाइन’, ‘रेग्युलर’ आणि ‘अल्ट्रा हाय’ अशा येतात. रेग्युलर भरीव नक्षीला छान बसते: कोयरी, केळीचं पान, कलश. अल्ट्रा हायचा दाणा जाडा, थर उंच येतो. लाखेच्या मोहरेसारखा ठसा करायचा असेल तर ती घ्या, नाहीतर तिच्या वाटेला जाऊ नका.

अक्षरांना मात्र बारीकच हवी, आणि आपल्या अक्षरांना तर हवीच. ‘धन्यवाद’चा शिक्का घ्या. ध आणि घ यांत फरक काय, तर डोक्यावरची रेघ ध ला डावीकडे तुटलेली असते. शिक्का लहान असला की ती फट जेमतेम केसाएवढी. तिथे रेग्युलर पावडर वितळली की पसरते, फट बुजते आणि कार्डावर ठसठशीत सोनेरी ‘घन्यवाद’ उमटतं. भ चा म होतो तोही असाच, मग ‘शुभ’चं ‘शुम’. ‘श्री’च्या गाठी आणि ‘क्ष’चं पोट यांचीही तीच गत. तोच शिक्का, तीच शाई आणि बारीक दाण्याची पावडर घेतली की फट जशीच्या तशी राहते. इंग्रजी शिक्क्यांवरचे परीक्षण-व्हिडिओ बघून पावडर निवडली तर हे कळायचा काही मार्गच नाही.

देवनागरी शिक्के तयार फारसे मिळत नाहीत, करून घ्यावे लागतात. शिक्केवाल्याला स्पष्ट सांगा की साधा रबरी, मुठीचा शिक्का हवा. ऑफिसात चालतात तसले आत शाई भरलेले शिक्के इथे उपयोगाचे नाहीत, त्यांची शाई पावडर धरत नाही. आणि अक्षर जरा मोठं घ्या. कार्डावर जागा कमी पडली तर नक्षी कमी करा.

पांढरी पावडर निवडताना एकच गोष्ट बघायची: झाकते किती. क्राफ्ट पेपर (खाकी रंगाचा), काळा, गर्द निळा आणि मरून या कागदांवर पांढरी फार देखणी दिसते, पण वितळल्यावर खालचा रंग वर यायला लागला तर ती दुधाळ आणि गरीब दिसते. बिननावाच्या पाकिटातून सुटी मिळणारी एक पांढरी मी वापरून पाहिली. काळ्या कागदावर ती राखाडी दिसली आणि दाणेही एकसारखे नव्हते, त्यामुळे रेघेच्या कडा खरखरीत आल्या. फिक्या कागदावर खपून जाते, पण फिक्या कागदावर पांढरी वापरायचीच कशाला? तर हो, तिथेही एक उपयोग आहे. पांढऱ्या जलरंगाच्या कागदावर पांढऱ्या पावडरीने फुलांची रेघ उठवायची आणि वरून पातळ रंगाचा हात फिरवायचा. राळेवर रंग बसत नाही, सरकून बाजूला होतो, आणि नक्षी कोरी राहते. डोहाळजेवणाच्या आमंत्रणांत ही युक्ती सगळ्यात जास्त चालली. रेघेवर रंगाचे थेंब अडकून राहतात, ते सुकायच्या आत टिशूने टिपून घ्या.

सोनेरीत फसगत जास्त. एक सोनं पितळेकडे झुकतं, एक लालसर तांब्याकडे, एक फिकं शँपेनसारखं, आणि बाटलीत सगळी जवळपास सारखीच दिसतात. पडद्यावरच्या फोटोवर तर अजिबात जाऊ नका. मी प्रत्येक सोनेरीचा एक नमुना मरून, हळदी आणि पांढऱ्या अशा तीन कागदांच्या पट्ट्यांवर करून ठेवलाय, गिऱ्हाइकाला तोच दाखवते. मरूनवर लालसर सोनं मळकट दिसतं, पिवळं खुलतं. हळदी कागदावर उलट, पिवळं सोनं हरवतं. सोनेरीला आच जास्त लागली तर तिची झळाळी जाते, त्यामुळे वितळली की लगेच हीट गन बाजूला घ्यायची.

पारदर्शक पावडरीकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मला वाटतं पैसा वसूल तिच्यातच होतो. पिगमेंट शाई, म्हणजे घट्ट आणि सावकाश सुकणारी, कुठल्याही रंगाची घ्या, तिने शिक्का मारा, वर ही पावडर टाका, झालं त्या रंगाचं एम्बॉसिंग. शाईचा एक हिरवा पॅड असेल तर हिरव्या पावडरीची बाटली वेगळी घ्यायला नको. नेहमीची पातळ, कागदात मुरणारी डाय शाई मात्र फार लवकर सुकते, तिच्यावर पावडर धरेलच असं नाही.

ग्लिटरच्या पावडरी. ‘ताई, जरा चमचम पाहिजे हो’ असं म्हणणारं गिऱ्हाईक असतंच, म्हणून एक ठेवलीय. त्यातली चमकी वितळत नाही, वितळलेल्या पारदर्शक राळेत नुसती अडकते, त्यामुळे बारीक अक्षरं ओबडधोबड होतात आणि खालचा कागद दिसत राहतो. शिवाय ती चमकी घरभर होते. एक कण पांढऱ्या बाटलीत गेला की पुढच्या प्रत्येक कार्डावर कुठे ना कुठे लुकलुकतो. ग्लिटरसाठी पावडर झटकायचा कागद वेगळा, ब्रश वेगळा. झटकायला मी जुन्या दिनदर्शिकेचं गुळगुळीत पान मधोमध दुमडून घेते, घडीतून पावडर सरळ बाटलीत जाते.

हवामान. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी गाठतो आणि पावडर ओतताना पंखा चालू ठेवता येत नाही. उघड्या बाटलीवरून वारा गेला की संपलं. माझ्या जाऊबाई दुपारी डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, भट्टी लावलीस की काय घरात?’ हातात हीट गन होती, काय बोलणार. आता उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकते. खिडकी उघडी ठेवतेच, कारण वितळताना जो वास येतो तो कोंडून घेण्यासारखा नसतो. तयार नक्षीचं मात्र उन्हाळ्यात काही बिघडत नाही, राळ वितळायला याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते.

पावसाळा जास्त त्रासाचा. जुलैत कागद हवेतली ओल पितो आणि पावडर शिक्क्याच्या बाहेरही बसते. काळ्या कार्डावर पांढऱ्या नक्षीभोवती पांढरी भुकटी, आणि ती वितळली की पुसता येत नाही. उपाय दोन. शिक्का मारण्याआधी कोऱ्या कागदावरून हीट गन फिरवून ओल काढायची आणि कागद गार होऊ द्यायचा. मग अँटी-स्टॅटिकची, म्हणजे नको तिथे कण चिकटू न देणाऱ्या भुकटीची, पुरचुंडी हलकी फिरवायची. ती विकत मिळते, पण मलमलच्या फडक्यात टाल्कम पावडर बांधली तरी तेच काम होतं. जोरात थापटू नका, टाल्कम जास्त झाली की शाईच धरत नाही आणि नक्षी फिकी येते. तरीही चार कण राहिलेच तर वितळवण्याआधी कोरड्या बारीक ब्रशने उचलायचे. थंडीच्या कोरड्या हवेत कण चिकटतात ते स्थिर विजेमुळे, तिथेही हीच पुरचुंडी. बाटल्यांची झाकणं पावसात लगेच लावा. माझ्याकडे एका बाटलीत गुठळ्या झाल्या होत्या, चहाच्या एका जुन्या गाळणीने चाळून घेतली. ती गाळणी अर्थात परत स्वयंपाकघरात गेली नाही.

शाईत काटकसर नको. जपानच्या त्सुकिनेकोचा व्हर्सामार्क पॅड मी वापरते, बिनरंगी आणि भरपूर चिकट. त्यावर कुठलीही पावडर टाका. लिहायचं असेल तर एम्बॉसिंगची पेनं मिळतात, पाकिटावर नाव घालायला उत्तम, फक्त एका वेळी एकच शब्द लिहून लगेच पावडर टाकायची.

हीट गनबद्दल दर वेळी विचारणा होते ती अशी: हेअर ड्रायर चालेल का? नाही चालणार. त्याची हवा जोरात असते आणि तापमान कमी, पावडर वितळायच्या आधी उडते. क्राफ्टची छोटी हीट गन साधारण ३०० वॉटची, हवा मंद आणि तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास. वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवरही चालते, हा मोठा फायदा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, रंग खरवडायला वापरतात ती १५००-२००० वॉटची असते. खालच्या बटणावर आणि लांबून धरली तर काम होतं, पण हात सरावलेला हवा. कुठलीही असो, आधी बाजूला धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्या, मगच कागदाकडे वळवा.

वितळणं बघण्यासारखं असतं. आधी काही होत नाही, पावडर मरगळलेली, खडबडीत. मग एका कोपऱ्यात चमक येते आणि तापल्या तव्यावर तूप पसरावं तशी ती रेघेरेघेतून पुढे जाते. चमक जिथवर पोचली तिथून हवा पुढे न्यायची, एका जागी थांबायचं नाही. थांबलात तर राळ कागदात मुरते, उठाव बसतो आणि कडेला तेलकट डाग दिसतो. कमी तापवलीत तर संत्र्याच्या सालीसारखी खडबड राहते आणि नखाने सुटते. जाड कार्डाला मी खालून आच देते, त्याने पावडर उडत नाही.

कागद २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) वरचाच घ्या, पातळ कागद लगेच वाकतो. हातकागदावर भरीव नक्षी छान दिसते, पण त्याच्या खळग्यांत बारीक रेघ तुटते, तिथे अक्षरं नकोतच. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर करायचा मोह टाळा, नक्षीआधी शीटच आकसते. आणि तयार कार्ड लॅमिनेट करायला कुणी दिलं तर नाही म्हणा, उठाव सपाट होऊन येतो.

शंभराच्या वर पत्रिका हव्या असतील तर मी गिऱ्हाइकाला सरळ छापखान्यात पाठवते. तिथे ते काम स्वस्तात आणि एकसारखं होतं. वीस-पंचवीस आमंत्रणं, वरचं एखादं नाव वेगळं, कागद निवडून, असं असेल तर हाताने करण्यात अर्थ आहे. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी आधी चांगला पॅड आणि हीट गन घ्यावी, पांढरी आणि पारदर्शक बाटली सोबत. सोनेरी नमुना प्रत्यक्ष बघूनच, आणि तोही दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही.