अंदमान पॅकेजमधला सहावा दिवस: पैसे देण्याआधी तपासून घ्या

सोलापुरात सात रस्ता असो की नवी पेठ, कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याकडे अंदमानचं पत्रक मागा, वर ठळक अक्षरांत ‘पाच रात्री, सहा दिवस’ असतंच. सहाव्या दिवसापुढे मात्र एकच ओळ: ‘नाश्ता, चेक-आउट, विमानतळावर ड्रॉप’. पहिला दिवसही पोहोचण्यातच अर्धा जातो. म्हणजे सहांतले पुरते दिवस चारच. हे बहुतेकांना तिकिटं काढून झाल्यावर कळतं.

पत्रकात सगळ्यात आधी पाचवी रात्र कुठे आहे ते बघा. ती हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, असेल तर पॅकेज बदलून मागा. समुद्रकिनारी शेवटची रात्र ऐकायला गोड लागते, पण दुसऱ्या दिवशीचं गणित असं: बोटीच्या तासभर आधी जेटीवर हजर, खाजगी बोटीने पोर्ट ब्लेअरपर्यंत साधारण दीड तास (सरकारी बोटीला अडीच), उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास, जेटीवरून विमानतळ अर्धा तास, आणि विमानाच्या दोन तास आधी पोहोचायचं. बेरीज साडेपाच तास. सकाळी सातची बोट आणि साडेअकराचं विमान कागदावर बरोबर बसतं, पण त्यात मिनिटाचाही सैलपणा नाही. वारा सुटला की बोट उशिरा सुटते किंवा रद्दच होते, आणि पुढच्या बोटीत चार जणांच्या कुटुंबाला जागा मिळेलच असं नाही. बोट रद्द झाली तर परत मिळतात ते बोटीचे पैसे. विमान चुकलं तर ते नुकसान ज्याचं त्याने सोसायचं. जून ते सप्टेंबरमध्ये तर हा धोका घेऊच नये. शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, त्यामुळे कागदांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

दुसरी चूक स्कूबाची. काही कार्यक्रमांत हॅवलॉकची डुबकी शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी असते आणि विमान पुढच्याच दिवशी पहाटेचं. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या डुबकीनंतर निदान १२ तास आणि अनेक डुबक्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा डायव्हिंगमधला मान्य नियम आहे. ‘आमची डुबकी उथळ असते, काही होत नाही’ असं उत्तर मिळालं तर स्कूबा आधीच्या दिवसावर सरकवायला सांगा.

आता सहाव्या दिवसाची खरी मिळकत, जी पत्रकात कुणी लिहीत नाही: पहाट. घड्याळ आपलंच, पण पोर्ट ब्लेअर सोलापूरच्या जवळपास १७ रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य तिथे साधारण तासभर आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, उन्हाळ्यात पहाटे पाचला उजाडलेलं असतं. संध्याकाळी फिरू म्हणणाऱ्याच्या हाती अंधार येतो. दुपारचं विमान असेल तर पहाटे कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर जाऊन नाश्त्याला परत येता येतं. गाडी त्या वेळी मिळणार का, हे मात्र आधी लिहून घ्या. ‘ड्रॉप’ म्हणजे फक्त हॉटेल ते विमानतळ.

सेल्युलर जेल शेवटच्या सकाळी ठेवू नका. १८९६ ते १९०६ दरम्यान बांधलेल्या या तुरुंगाच्या सात विंगांपैकी तीनच उरल्यात, तरी सावरकरांची वरच्या मजल्यावरची कोठडी, फाशीघर आणि गच्ची बघायला दोन तास सहज लागतात. मराठी कुटुंब तिथून लवकर निघत नाहीच. ते पहिल्या दिवशी, रात्रीच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमासकट उरकावं.

खरेदीत शिंपल्यांची बाब गंभीर आहे. किनाऱ्यावर पोरांनी वेचलेलं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि सामानाच्या तपासणीत ते पकडलं जातं. पिशव्या आदल्या रात्री स्वतः उलट्या करून बघा, लहानग्यांचे खिसेसुद्धा. शिंपल्याच्या वस्तू घ्यायच्याच तर सागरिका या सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा. पडौक लाकडाच्या वस्तू सुरेख, पण जड.

वजनावरून आठवलं. बहुतेक विमानांत माणशी १५ किलो सामान मोफत. आपण सोलापूरकर अभिमानाने घरचे टर्किश टॉवेल नेतो, आणि तिथेच फसतो. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल कोरडा साधारण ४४० ग्रॅम. ओला, पिळूनही, दुप्पट भरतो. दमट हवेत तो रात्रभरात वाळत नाही. चार टॉवेल म्हणजे फुकटचे पावणेदोन किलो आणि कपड्यांना कुबट वास. समुद्रासाठी साधे पंचे न्या, टॉवेल हॉटेलचे वापरा. शेंगा चटणी चेक-इनच्या बॅगेत गेलेली बरी.

परतीचा प्रवास चेन्नईवरून असेल तर विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत किमान पाच तास ठेवा. ही दोन वेगळी तिकिटं. विमानाला उशीर झाला म्हणून रेल्वे थांबत नाही आणि पैसेही देत नाही. सोलापूरची गाडी सेंट्रलहून आहे की एग्मोरहून, तेही तिकिटावर वाचा. विमानतळावरून सेंट्रलला मेट्रो थेट जाते, एग्मोरला बदलावी लागू शकते, आणि आजी-आजोबा व चार बॅगा बरोबर असतील तर टॅक्सीच बरी.

पत्रकात छापतात तशा सहाव्या दिवसाला पाचपैकी दोन गुण. पाचवी रात्र पोर्ट ब्लेअरला, विमान दुपारचं आणि पहाटेची गाडी लेखी मिळाली तर चार.