गुंतवणूक स्वतः सांभाळावी की सल्लागारावर सोपवावी?

हाती नियमित शिल्लक पडू लागली की तिची व्यवस्था स्वतः पाहावी की सल्लागाराकडे द्यावी, हा प्रश्न बहुतेकांना ज्ञानाचा वाटतो. माझ्या मते तो आधी खर्चाचा आणि मग स्वभावाचा आहे.

एकरकमी गुंतवणूक वर्षाला 7 टक्के दराने वाढली, तर 30 वर्षांत ती सुमारे 7.6 पट होते. सल्लागाराने दरवर्षी एकूण रकमेवर 1 टक्का शुल्क घेतल्यामुळे हाच दर 6 टक्क्यांवर आला, तर ती सुमारे 5.7 पटच होते. म्हणजे किरकोळ वाटणारा एक टक्का अखेरच्या रकमेतला जवळपास चौथा हिस्सा नेतो. स्वतः गुंतवणूक करणाऱ्याचा हा हिस्सा वाचतो. शिवाय व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी 1976 मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) आणल्यापासून एकेक शेअर पारखत बसण्याची सक्तीही उरलेली नाही.

स्वभावाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात अमेरिकेतल्या सुमारे 500 मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा एस अँड पी 500 हा निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला, आणि निम्मी झालेली रक्कम मूळपदावर येण्यासाठी 100 टक्के वाढ व्हावी लागते. अशा वेळी घाबरून सगळे विकून टाकणारा आणि भाव चढल्यावरच परतणारा माणूस एका निर्णयात कित्येक वर्षांच्या शुल्काहून अधिक गमावू शकतो. चांगला सल्लागार नेमका तिथे उपयोगी पडतो, भाव वर्तवण्यात नव्हे. (तोही माणूसच असल्याने कधी कधी अशिलाच्या आधी घाबरतो, हेही ध्यानात ठेवावे.)

सल्लागाराला पैसे कोण देते, हे आधी विचारावे. योजना विकून कमिशन मिळवणाऱ्याचे हित आणि आपले हित एकच असेल, याची खात्री नसते. ठरावीक शुल्क थेट आपल्याकडून घेणाऱ्याबाबत ही अडचण बरीच कमी होते.

उत्पन्न साधे, कर्ज थोडे आणि घसरणीतही गुंतवणुकीचा हप्ता चालू ठेवल्याचा स्वतःचा अनुभव असेल, तर मी स्वतः सांभाळण्याच्या बाजूने कौल देईन, फक्त कागदपत्रे घरातल्या आणखी एका व्यक्तीला समजावून ठेवावीत. व्यवसाय, वारसा किंवा निवृत्तीनंतरची नियमित रक्कम असा गुंता असल्यास ठरावीक शुल्काचा सल्ला घ्यावा, पण व्यवहाराचे अधिकार आपल्याकडेच ठेवावेत.