कारखानदारांचा सर्व्हे, सरकारी आकडे की प्रत्यक्ष चक्कर?

फॉर्मवरचा सातवा प्रश्न होता, सध्या रिक्त जागा किती? कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचे मालक म्हणाले, "लिहा, दहा मोल्डर." मोल्डर म्हणजे ओतकामाचे साचे करणारा. मी लिहिलं. चहा यायचा होता म्हणून सहज विचारलं, गेल्या वर्षभरात मोल्डिंगला किती जण लागले? त्यांनी सुपरवायझरला हाक मारली, त्याने हजेरीचं रजिस्टर आणलं आणि आम्ही तिघांनी बोट ठेवून मोजलं. सव्वीस आले होते, चोवीस गेले होते, त्यातले बरेचसे पहिल्या दोन महिन्यांतच. 'दहा' हा आकडा खोटा नव्हता. पण त्याच्या भरवशावर कुणी वीस पोरांची प्रशिक्षणाची तुकडी तयार केली असती, तर ती पोरंही त्याच रजिस्टरमधून आत येऊन बाहेर गेली असती.

जिल्हा कौशल्य समितीत, उद्योजक संघटनेत किंवा आयटीआयच्या व्यवस्थापन समितीत "आपल्या भागातल्या उद्योगांचा सर्व्हे करून घेऊ" असा विषय ज्यांच्यापुढे आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पर्याय मुख्यतः तीन : तयार सरकारी आकडे, स्वतःचा सर्व्हे, आणि निवडक कारखान्यांना प्रत्यक्ष भेटी. माझा कल आधीच सांगून टाकतो. सर्व्हे करावा, पण सगळ्यात शेवटी करावा आणि लहान करावा.

तयार आकडे : फुकट, भक्कम, पण नेमका आपला प्रश्न सोडून

सगळ्यात वजनदार म्हणजे वार्षिक उद्योग पाहणी. ती कारखाना कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यांची, म्हणजे १९४८च्या मूळ कायद्यातल्या व्याख्येनुसार वीज वापरत असतील तर दहा आणि नसतील तर वीस कामगारांपासून पुढची. कामगार, वेतन, भांडवल, कच्चा माल, सगळं ताळेबंदावरून घेतलेलं असतं, त्यामुळे मालकाच्या मूडवर काही अवलंबून नसतं. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली वेळेची : मार्च २०२३ला संपलेल्या वर्षाचे निकाल सप्टेंबर २०२४मध्ये आले. दुसरी जास्त महत्त्वाची : ही पाहणी उद्योग सांगते, काम सांगत नाही. लोखंडाच्या ओतकामात किती माणसं आहेत ते कळेल. त्यात भट्टीवरचे मेल्टर किती, ओतीव माल घासून साफ करणारे फेटलिंगवाले किती, संगणकी यंत्रांचे (सीएनसी) सेटर किती, हे कळणार नाही. आणि आयटीआयला तर तेवढंच हवं असतं.

दहाच्या खालचे उद्योग असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीत सापडतात. २०२३-२४च्या फेरीत देशभरात अशी ७.३४ कोटी आस्थापना आणि १२.०६ कोटी काम करणारे निघाले. भागाकार करून पाहा, आस्थापनेमागे दोन माणसंही भरत नाहीत. म्हणजे ज्याला आपण 'एम्प्लॉयर' म्हणतो तो यातल्या बहुतेक ठिकाणी नाहीच. घरचाच माणूस गाळा चालवतो. सिंधुदुर्गातल्या होमस्टेवाल्याला "तुमच्याकडे रिक्त पदं किती" विचारलं तर तो सुनेकडे बघून हसेल. अशा भागात मालकांच्या सर्व्हेचा हट्टच नको, तिथे घरोघरची पाहणी हा मार्ग. श्रमबल पाहणीची रचना जानेवारी २०२५पासून बदलली, त्यात जिल्हा हा नमुन्याचा पाया धरला आहे, ही या दृष्टीने चांगली बातमी.

बाकीचे स्रोत थोडक्यात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून आहे. सर्व्हेसाठी कारखान्यांची यादी हवी असेल तर ती उपयोगी, पण माहिती मालकाने स्वतः भरलेली असते आणि बंद पडलेला उद्योग नोंद काढायला कशाला जाईल? भविष्यनिर्वाह निधीची मासिक आकडेवारी ताजी असते, पण ती वीस आणि वरच्या आस्थापनांची, आणि जी प्रसिद्ध होते ती राज्य व उद्योगगट एवढ्यावरच थांबते. आर्थिक गणना गावपातळीपर्यंत जाते म्हणून सगळ्यांना आवडते, पण हाताशी असलेली सहावी गणना २०१३-१४ची आहे. तेवढ्या काळात अर्ध्या एमआयडीसीच्या पाट्या बदलतात.

एक स्रोत मात्र लोक विसरतात. १९५९च्या सेवायोजन कायद्याने पंचवीस वा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी दर तिमाहीला ईआर-१ विवरणपत्र भरायची पद्धत पाडली. महाराष्ट्रात ते राज्याच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर भरलं जातं. त्यात मनुष्यबळ आणि रिक्त जागा, दोन्ही असतात. जिल्हा कौशल्य विकास केंद्राकडे ही माहिती असते. भरणारे कंटाळून भरतात हे खरं, तरी आठ तिमाह्या एकाखाली एक लावल्या तर कोण वाढतंय आणि कोण आटतंय ते दिसतं. नवा फॉर्म छापण्याआधी तिथे एक दुपार घालवा.

स्वतःचा सर्व्हे : ताकद प्रश्नात आहे, आकड्यात नाही

सर्व्हेची खरी ताकद ही, की तो पदाच्या पातळीवर उतरतो आणि 'का' विचारू शकतो. आणि नेमकं तिथेच बहुतेक सर्व्हे घसरतात. कारण फॉर्मवर मोठ्या अक्षरात 'कौशल्य गरज सर्वेक्षण' लिहिलेलं असतं. मग समोरचा माणूस कौशल्याचीच तक्रार करतो. भाजीवाल्याने विचारलं "काय कमी आहे?" तर आपण भाजीच सांगतो, तसं.

ब्रिटनमध्ये मालकांची जी मोठी कौशल्य पाहणी होते, तिच्यात हा प्रश्न दोन पायऱ्यांत विचारतात. आधी, जागा भरायला अवघड जाते का? मग, का? येणाऱ्यांत कौशल्य, पात्रता वा अनुभव कमी म्हणून, की पगार, वेळ, जागा, कामाचं स्वरूप यांमुळे? पहिल्या कारणाने अडलेल्या जागा तेवढ्याच कौशल्यटंचाईच्या धरतात. २०२२मध्ये सुमारे ७३ हजार मालकांना विचारलं, तेव्हा एकूण रिक्त जागांत अशांचा वाटा ३६ टक्के होता. २०१७मध्ये तो २२ होता. म्हणजे एवढी टंचाई असतानाही जवळजवळ दोन-तृतीयांश रिक्त जागा कौशल्याअभावी अडलेल्या नव्हत्या. आपल्या फॉर्मवर ही दुसरी पायरी नसेल, तर सगळ्याच जागा प्रशिक्षणाच्या खात्यावर जातात.

त्या फाउंड्रीत चोवीस जण का गेले? सुपरवायझरने मालकासमोर सांगितलं नाही. गेटपर्यंत सोडायला आला तेव्हा बोलला. दुसरी पाळी सुटते तेव्हा बस नसते. परगावचा असेल तर खोली करून राहणं पगारात बसत नाही. उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहवत नाही. आणि शेजारच्या मशीन शॉपमध्ये सावलीत तेवढाच पगार मिळतो. यातलं एकही कारण कुठल्याही अभ्यासक्रमाने सुटणारं नाही. बस सुरू होऊ शकते. वसतिगृह होऊ शकतं. तो एमआयडीसी आणि परिवहनाचा विषय आहे, आणि प्रादेशिक विकासाचा सर्व्हे असेल तर त्यात हा रकाना असायलाच हवा.

दुसरी खोच : पुढचं विचारू नका, मागचं विचारा. "येत्या तीन वर्षांत किती माणसं लागतील?" याला मिळणारं उत्तर म्हणजे त्या महिन्याची ऑर्डर बुक. वाहन उद्योगाला सुटे भाग देणाऱ्या कारखान्याला २०१८च्या मध्यावर विचारलं असतं तर छाती फुगवून आकडा मिळाला असता. २०१९मध्ये वाहनविक्री कोसळली, एप्रिल २०२०मध्ये बीएस-६चे धूर-प्रदूषणाचे नियम आणि टाळेबंदी एकदमच आली, आणि परप्रांतीय कामगार गावी निघून गेले. एनएसडीसीने (राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने) महाराष्ट्राचा जिल्हावार कौशल्य अभ्यास करून घेतला होता, त्याचा अंदाज २०२२पर्यंतचा होता. असा अंदाज कुणाच्याही हातून चुकला असता. त्याऐवजी गेल्या बारा महिन्यांत कोणत्या पदावर किती आले, किती गेले, किती दिवस जागा रिकामी राहिली, हे विचारा. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात स्थानिक मंडळं एम्प्लॉयर-वन नावाचा सर्व्हे दरवर्षी घेतात, त्याचा भरही भरती, गळती आणि भरायला अवघड जागा यांवरच असतो.

'कामगार किती' हा साधा वाटणारा प्रश्नही फसवा आहे. पटावरचे, की कंत्राटदाराचे धरून? वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. दोन रकाने करा. नाहीतर एकच कंत्राटदार तीन कारखान्यांना माणसं पुरवतो, तिघेही दहा-दहा कमी आहेत म्हणतात, कंत्राटदारही तीस लिहितो, आणि अहवालात साठची टंचाई उभी राहते.

शब्द स्थानिक हवेत. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये 'मासिक वेतन' विचारणारा फॉर्म नेलात तर समोरचा गोंधळतो. तिथे मजुरी मीटरवर, 'पिका'प्रमाणे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येप्रमाणे असते. खर्चीवाला स्वतःचं सूत घेत नाही, व्यापाऱ्याचं कापड विणून देतो, त्यामुळे त्याच्या 'उलाढाली'चा आकडाही दुसऱ्याच अर्थाचा. जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि वहिफणीवाला (ताण्याचे धागे ओवणारा) ही पदं राष्ट्रीय वर्गीकरणाच्या यादीत शोधत बसण्यापेक्षा फॉर्मवर आधी तीच लिहा, कोड नंतर कचेरीत लावा.

नमुना किती घ्यावा? समजा वसाहतीत ३०० कारखाने आहेत. "किती टक्के कारखान्यांना अमुक अडचण आहे" हे दहा टक्के मागेपुढे चालेल अशा बेताने हवं असेल तर ७३ फॉर्म पुरतात. पाच टक्क्यांवर आणायचं तर १६९ लागतात. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा जाणं धरून एका माणसाचे दिवसाला चार फॉर्म होतात हा माझा अनुभव. म्हणजे एकीकडे तीन-साडेतीन आठवडे, दुसरीकडे दोन महिने. मी पहिलंच घेईन आणि वाचलेले दिवस न भेटलेल्या मालकांच्या मागे लागण्यात घालवीन. मेलवर लिंक पाठवून आलेले दीडशे फॉर्म हे चिठ्ठी टाकून निवडलेल्या त्र्याहत्तरांपेक्षा कमी किमतीचे, कारण लिंक उघडतो तो एकतर फार नाराज असतो किंवा संघटनेचा पदाधिकारी.

हा टक्क्यांचा हिशेब 'एकूण माणसं किती' या प्रश्नाला मात्र लागू नाही. तिथे दोन मोठे कारखाने सगळं चित्र फिरवतात. म्हणून शंभर माणसांवरचे कारखाने सगळे घ्यायचे आणि उरलेल्यांतून चिठ्ठी टाकायची. सरकारी पाहणीही ढोबळमानाने असंच करते.

चक्कर मारणं : स्वस्त, खोल, आणि थोडं धोक्याचं

बारा-पंधरा कारखाने निवडा, दोघे जा, एक बोलेल आणि एक लिहील, दीड तास बसा, शॉपफ्लोअर बघा. लहान उद्योगांच्या समूहासाठीच्या क्लस्टर योजनेत सगळ्यांनी मिळून वापरायच्या सामायिक सुविधा केंद्राआधी जो निदान अभ्यास करतात, त्यातला जिवंत भाग असाच गोळा होतो. सर्व्हेत "वीज" एवढाच टिकमार्क येतो. भेटीत कळतं की ट्रिपिंग रात्री होतं आणि एकदा भट्टीतला माल थंड झाला की अख्खी हीट, म्हणजे एका खेपेला वितळवलेला सगळा माल, वाया जाते.

धोका हा, की आपण ज्यांना ओळखतो त्यांच्याकडेच जातो. इंग्लंडमध्ये २०२२च्या कायद्यानंतर ३८ भागांसाठी स्थानिक कौशल्य आराखडे करायचं काम मालकांच्या संघटनांकडे, बहुतेक ठिकाणी चेंबर ऑफ कॉमर्सकडे, दिलं गेलं. त्याने उद्योगाचा आवाज थेट आला हे चांगलंच. पण आपल्याकडे संघटनेच्या बैठकीला कोण येतं ते आठवून पाहा. चार माणसांचा गाळा चालवणारा सकाळी अकराला येऊ शकत नाही, कारण तोच मशीनवर असतो. भेटींच्या यादीत निम्मे तरी संघटनेबाहेरचे घ्या.

रोजगार मेळाव्यातले आकडे मी तुलनेत धरतच नाही. "शंभर पोरं द्या, उद्या लावतो" हे माइकवरचं वाक्य आहे. त्यापेक्षा शिकाऊ उमेदवारांचे आकडे बरे. तीस वा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ज्या ट्रेडची टंचाई आहे म्हणून मालक ओरडतो, त्या ट्रेडचे तो अडीचच टक्के घेतो की पंधराकडे जातो, ते बघा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मागणी मात्र जपून वाचा. तिथे सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन सरकार देतं, आणि फुकट मिळणाऱ्या माणसाची मागणी नेहमीच जास्त असते.

मग कुणी काय घ्यावं

एखादा उद्योग जिल्ह्यात वाढतोय की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर सर्व्हे नको. ईआर-१ आणि उद्योग पाहणी पुरे. सामायिक केंद्र, रस्ता, वीज, बस असा प्रश्न असेल तर भेटी. आयटीआयमध्ये कोणता ट्रेड वाढवायचा आणि कोणता बंद करायचा, असा पदावर येऊन थांबणारा निर्णय असेल तर सर्व्हेला पर्याय नाही. पण आधी आकडे, मग दहा भेटी, मग त्या भेटींतून आलेल्या शब्दांत लिहिलेला दोन पानी फॉर्म, या क्रमाने. आणि फॉर्म काढण्याआधी समितीत लिहून ठेवा : अमुक आकडा इतक्याच्या वर आला तर तुकडी उघडू, खाली आला तर नाही. ही ओळ लिहायला कुणी तयार होत नसेल तर निर्णय आधीच झालेला आहे, सर्व्हेचे पैसे वाचवा.

मार्चअखेर आणि दिवाळीच्या बोनसचे दिवस टाळा. फॉर्मवर जीएसटी क्रमांक मागू नका, तो दिसला की माणूस आखडतो. मालकाचा फॉर्म भरून झाला की सुपरवायझरसाठी वेगळे तीन प्रश्न ठेवा, आणि ते केबिनबाहेर विचारा.