वह्या भरणारी नर्सरी की खेळू देणारी बालवाडी?

साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी शाळा बघायला निघालं की साधारण दोन प्रकार समोर येतात. एकीकडे एबीसीडी, एक ते शंभर, रोजचा गृहपाठ. दुसरीकडे ठोकळे, माती, भातुकली, गाणी आणि जवळजवळ रिकामं दप्तर. माझा कौल दुसरीला आहे.

पहिल्या प्रकारात प्रगती लगेच दिसते. दिवाळीपर्यंत मूल आकडे घडाघडा म्हणतं, भरलेली वही घरी येते. घरात इंग्रजी बोललं जात नसेल, तर आईबाबांना त्या वहीचा मोठा आधार वाटतो. ती काळजी खरी आहे. पण शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलाकडे सात चिंचोके मागून बघा. पुष्कळदा मूठभर हातावर येतात. क्रम पाठ असतो, सात म्हणजे किती हे अजून उमगलेलं नसतं. शिवाय या वयात मनगटातली बारीक हाडं पुरती तयार झालेली नसतात. पानंच्या पानं गिरवून बोटं दुखतात आणि लिहिणं नकोसं होतं.

खेळाच्या वर्गात तेच चिंचोके वाटून घेताना 'तुला एक जास्त आला' म्हणून भांडण होतं. तुलना, मोजणी, वजाबाकी सगळं त्या भांडणात असतं. भातुकलीत आई कोण, डॉक्टर कोण हे ठरवताना मुलं लांबलांब वाक्यं बोलतात, दुसऱ्याचं ऐकून घेतात. माती मळताना, मणी ओवताना पेन्सिल धरणारी बोटं तयार होतात.

मात्र मुलांना नुसतं मोकळं सोडलं की झालं, असं नाही. वर्गातली ताई, म्हणजे शिक्षिका, काय मांडून ठेवते, कुठे प्रश्न विचारते आणि कुठे गप्प राहते, यावर सगळं अवलंबून असतं. महागडी खेळणी लागत नाहीत. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात परिसरातल्या साध्या वस्तूच साधनं झाल्या.

'पहिलीत मागे पडेल का?' ही आईबाबांची भीती असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा आहे, म्हणजे पहिलीही त्यातच येते, आणि या टप्प्यासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयासाठी पाठ्यपुस्तक नको असं म्हटलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेता येत नाही. तरी काही शाळा पहिलीत अक्षरओळख गृहीत धरतात, म्हणून बालवाडीच्या शेवटच्या वर्षी गोष्टी, नावाच्या पट्ट्या, चित्रं यांतून अक्षरं येतात का, हे जरूर विचारा.

शाळा बघायला वर्ग चालू असताना जा. साधनं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली आहेत? ताई जास्त बोलतेय की मुलं? घराजवळ वह्यावालीच शाळा असेल, तर संध्याकाळी गिरवणं वाढवू नका. मटार सोलायला द्या, चमचे-वाट्या जोड्या लावून ठेवायला सांगा, रोज एक गोष्ट वाचा.