जिओजेब्रा : दुसरीतल्या मुलासोबत दोन महिने

आमचा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. ताईच्या पुस्तकात त्याने वाचलं की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश येते. तेव्हापासून घरभर कागदी त्रिकोणांचे फाडलेले कोपरे. त्याला एवढ्यात क्लास लावायचं माझ्या मनात नव्हतं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने जिओजेब्रा सुचवलं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं, भूमितीच्या आकृत्या काढायचं हे सॉफ्टवेअर घरच्या वापरासाठी फुकट आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं.

मी n नावाचा स्लायडर (सरकवून आकडा बदलायची पट्टी) करून दिला, सुसम म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेली बहुभुजाकृती काढली आणि बाजूंच्या संख्येच्या जागी n लिहिलं. स्लायडर सरकवला की त्रिकोणाचा चौकोन, चौकोनाचा पंचकोन. बाजूची लांबी तीच राहते, म्हणून आकृती फुगत फुगत पडद्याबाहेर जाते; तेवढ्यावरच तो पहिल्या दिवशी अर्धा तास हसत होता.

दुसऱ्या दिवशी कोन मोजले. ६०, ९०, १०८, १२०... आणि सातला १२८.५७. आपलंच काही चुकलं असं वाटून त्याने आकृती दोनदा पुसून पुन्हा काढली. मग आम्ही सतरंजीच्या कडेने चाललो. प्रत्येक कोपऱ्यावर थोडं वळायचं, फेरी पुरी झाली की एकूण वळण ३६०. म्हणजे सात कोपरे असतील तर एक वळण ३६० भागिले ७, आणि आतला कोन १८० वजा ते वळण. भागाकार मी करत होते, बाकी तो मोठ्याने वाचत होता : तीन, दोन, सहा, चार, पाच, एक... "आई, परत तीन आले!" त्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढचे आकडे आता तेच तेच येणार, हे त्याचं त्यालाच कळलं होतं.

मूल लहान असेल तर शेजारी बसावंच लागतं. कोन मोजताना बिंदू उलट क्रमाने टिपले तर बाहेरचा मोठा कोन येतो, चौकोनाला ९० ऐवजी २७०. आमच्या छोट्या मोबाईलवर बिंदू बोटाखाली झाकला जायचा. लॅपटॉपवर माउसने काम सोपं झालं. एक खरंच सांगते, पहिल्याच दिवशी सगळी बटणं दाखवू नका. आम्ही दोन महिन्यांत पाच-सहाच वापरली, आणि तेवढी भरपूर झाली.

सध्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोन पूर्ण अंशात येणाऱ्या आकृत्यांची यादी चालू आहे : ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२... काल संध्याकाळपर्यंत एकोणीस झाल्या. एकूण बावीस आहेत, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.