वाणाच्या पोटल्या आणि सासूबाईंचा गोल दुधी

यंदा बागेसाठी घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू बागेच्या दुकानातली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण भरून देतो ना, ती ऑर्गेंझाची जाळीदार पोटली. सांगलीच्या हरभट रोडवरून १५ बाय २० सेंटिमीटरच्या २५ पोटल्या १५० रुपयांना आणल्या आणि बियांत दुसऱ्या जातीची भेसळ होऊ नये म्हणून एप्रिलभर दुधीच्या फुलांना बांधल्या. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे सांगते.

आमच्याकडे विश्रामबागेत गच्चीवर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये भाज्या आहेत. त्यातला गोल दुधी सासूबाईंच्या माहेरचा, शिराळ्याकडचा. पातळ सालीचा, हरभऱ्याची डाळ घालून केला की पाणी न घालता शिजणारा. त्याचं बी सासूबाई राखेत घोळून डब्यात ठेवतात. गेल्या पावसाळ्यात मी घरच्याच नव्या बियांचे वेल लावले, तर फळांना माना फुटल्या. खाली गोल, वर सुरईसारखा गळा. साल जाड, चवही ती नाही. सासूबाईंनी एक फळ हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हा आपला नव्हं."

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, कारल्याच्या मांडवाला दुधी चढवलात ना, आता कडूही होणार बघा." रोपवाटिकेतले दादा म्हणाले, "ताई, दोन जातींत अर्धा किलोमीटर अंतर पाहिजे, नाहीतर बी धरूच नका." आणि मिरजेच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं काही होत नाही, मी वीस वर्षं घरचंच बी लावते."

तिघांचं ऐकून मी महिनाभर गोंधळले होते. नंतर कळलं ते असं. कारलं आणि दुधी एका कुळातले असले तरी त्यांचा संकर होत नाही, मांडव एक असला तरी. काकडीचा आणि दुधीचाही नाही. रोपवाटिकेतल्या दादांचं अंतर खरं आहे, पण ते बियाण्याच्या प्लॉटचं. आमच्या कॉलनीत अर्ध्या किलोमीटरवर निदान पन्नास गच्च्या येतील. जाऊबाईही खोटं बोलत नव्हत्या. त्या बी धरतात गवारीचं आणि टोमॅटोचं. या पिकांचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून वीस वर्षांत त्यांचं काही बिघडलं नाही. दुधीचं तसं नसतं. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मधे मधमाशी नाहीतर रात्रीचा पतंग. मागच्या घराच्या मांडवावर लांब संकरित दुधी होता, त्याचा पराग आमच्या मादी फुलावर आला असणार.

यातली एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. बाहेरचा पराग आला तरी त्या वर्षीचं फळ बदलत नाही. गर आणि साल आईवेलाची असते, बदल आतल्या बीत होतो आणि पुढच्या पेरणीला दिसतो. म्हणून ज्यांना भाजीच खायची आहे, त्यांनी पोटल्यांच्या नादी लागू नये. लवंगीशेजारी लावली म्हणून ढोबळी त्या वर्षी तिखट होत नाही, हेही तसंच. मका मात्र वेगळा, कारण तिथे आपण दाणा म्हणजे बीच खातो. मधुमक्याशेजारी साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला, तर मधुमक्याची गोडी त्याच कणसात कमी होते.

आता वापर. डब्याच्या तळाशी जुन्या, शुद्ध बिया निघाल्या सात, उगवल्या चार. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून चारच्या सुमाराला गच्चीवर जायचं. आज उमलणारी कळी फुगलेली असते, हिरव्यातून पांढरं टोक डोकावतं. मादी कळीच्या मागे बोराएवढा लवदार दुधी असतो, नराच्या मागे नुसता लांब देठ. दोघांनाही पोटली चढवायची. नराला विसरलात तर माशी आधी बाहेरचा पराग त्याच्यावर सांडून जाते आणि सगळी मेहनत वाया. सातच्या आसपास पाकळ्या उघडतात, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या कागदासारख्या. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या, मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा. पिवळी पूड चिकटलेली दिसते. लगेच परत पोटली. चार दिवसांनी फळ धरलं असं दिसलं की पोटली काढून देठाला लाल दोरा, म्हणजे भाजीला कुणी तोडत नाही.

मी अकरा मादी फुलं अशी बांधली, सहा धरली. दोन बियांसाठी ठेवली, बाकीची भाजीला गेली.

पोटलीचं चांगलं ते हे, की आतलं फूल दिसतं. आधी वर्तमानपत्राच्या पुड्या करून पाहिल्या होत्या, त्या उघडून बघताना दोन कळ्या तुटल्या. पोटलीतून हवा खेळते, माशी आणि पतंग आत जात नाहीत, नाडी एका हाताने ओढता येते. धुऊन पुन्हा वापरता येते. मिरचीला तर आख्ख्या फांदीला घालून रोज हलकेच हलवली की झालं.

कापलेला गुण पावसाचा. एप्रिलातल्या वळवात ओली जाळी फुलाला चिकटली आणि तीन फुलं आतच सडली. आभाळ भरलं की पोटलीवर कागदी कप उलटा ठेवा. पावसाळी दुधीला मी या पोटल्या वापरणार नाही. आणि एकदा ऑनलाइन मागवलेल्या पोटल्यांची शिवण एका बाजूने उसवलेली निघाली, आत मुंग्या शिरल्या. हातात घेऊन शिवण ओढून बघूनच घ्या. गडद रंगही नकोत, आत फूल उमललंय की नाही ते संध्याकाळी दिसत नाही. पांढरी किंवा फिकट पिवळी घ्या.

कारल्याचा संबंध नसला तरी कडूपणाबद्दल काकांना वाटणारी भीती मी सोडून दिलेली नाही. दुधी कडू निघाला तर तो विषारी असू शकतो, उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर होतो. चिरताना प्रत्येक फळाचा एक तुकडा जिभेला लावते, कडू लागला की थुंकून सगळं फळ फेकते. त्याचं बीही ठेवत नाही.

जूनमध्ये दोन्ही फळं वेलावर वाळली. एक हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं. सासूबाईंनी स्वतः फोडलं, बिया राखेत घोळल्या आणि डब्यावर माझ्याकडून तारीख लिहून घेतली. आता पुढच्या पोटल्या मी संक्रांतीनंतर आठवड्याने घेणार आहे, उरलेला माल दुकानदार निम्म्या भावात देतात.