लव्हचा ‘फॉरेव्हर चेंजेस’: बरेच महिने वाजवल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात घेतलेली ही एलपी अजून टर्नटेबलच्या शेजारीच पडलेली असते, कपाटात जात नाही. माझ्याकडच्या रॉकच्या फार थोड्या रेकॉर्ड्सना हा मान मिळालाय. या अल्बमबद्दल पहिल्या आठवड्यात लिहूच नये, कारण तेव्हा तो नुसता गोड वाटतो. त्यातलं विष हळूहळू चढतं.

लव्ह हा लॉस एंजेलिसचा बँड. आर्थर ली हा कृष्णवर्णीय गायक त्याचा म्होरक्या. काळे-गोरे एकत्र वाजवणारे रॉक बँड तेव्हा अमेरिकेत विरळाच होते. जून ते सप्टेंबर 1967 मध्ये सनसेट साउंड स्टुडिओत अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि नोव्हेंबरमध्ये एलेक्ट्रा कंपनीने बाजारात आणला. म्हणजे सगळं हिप्पींच्या, फुलं माळून फिरण्याच्या त्या प्रसिद्ध उन्हाळ्यातलं. पण हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’सारखी फाटलेली, किंचाळणारी गिटार ऐकायला बसाल तर हिरमोड होईल. इथे बहुतेक ठिकाणी अकूस्टिक गिटारी आहेत, त्यांच्यावर व्हायोलिन आणि मेक्सिकन वळणाचे ट्रम्पेट. सायकेडेलिक, म्हणजे नशेत जग दिसावं तसं विचित्र, काय ते शब्दांत आणि गाण्यांच्या बांधणीत आहे.

अल्बम बनतानाची एक हकिगत ऐकताना उपयोगी पडते. बँडची अवस्था तेव्हा इतकी विस्कटलेली होती की सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या नावाजलेल्या सेशन वादकांना (स्टुडिओत पैसे घेऊन कुणासाठीही वाजवणाऱ्यांना) बोलावून दोन गाणी मुद्रित केली गेली: ‘अँडमोरअगेन’ आणि ‘द डेली प्लॅनेट’. आपल्या जागी दुसरेच वाजवताहेत हे पाहून मूळ मंडळींना धक्का बसला, ती भानावर आली आणि उरलेला अल्बम त्यांनीच वाजवला. आता ऐकताना ही दोन गाणी किंचित जास्त इस्त्री केलेली वाटतात. बाकीच्यांमध्ये जी अस्वस्थ ओढ आहे, ती यांच्यात कमी आहे. हे माझं मत. जुने चाहते ‘अँडमोरअगेन’वर जीव टाकतात, त्यांनी रागावू नये.

पहिलं गाणं ‘अलोन अगेन ऑर’ बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते लीचं नाही, दुसरा गिटारवादक ब्रायन मॅकलीन याचं आहे. गंमत म्हणजे मिक्सिंगमध्ये मॅकलीनचा आवाज मागे ठेवला गेला आणि लीची साथ पुढे आली, त्यामुळे मूळ चाल कुणाची आणि साथ कुणाची, हा घोळ कानाला कायम राहतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे कळत नाही. बऱ्या हेडफोनवर बसून ऐका, दोन माणसं एकाच वेळी आपापलं एकटेपण सांगताहेत असं वाटतं.

त्यापुढचं ‘अ हाउस इज नॉट अ मोटेल’ हे माझं सर्वांत जास्त वाजलेलं गाणं. नळ सोडला की पाण्याऐवजी रक्त येईल, असं ली इतक्या सहज सांगतो की अंगावर काटा यायला दोन क्षण उशीर होतो. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, हे लक्षात असू द्या. शेवटी मात्र इलेक्ट्रिक गिटारी सुटतात, आणि इतका वेळ त्या आवरून धरल्या होत्या म्हणूनच तो शेवट एवढा लागतो.

पहिली बाजू संपते ‘द रेड टेलिफोन’वर. टेकडीवर निवांत बसून खाली माणसं मरताना बघणारा निवेदक, खाली संथ तंतुवाद्यं आणि शेवटी स्वातंत्र्य मागणारा एक घोष. ती मागणी ‘मारा-साद’ या नाटकातून, वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांच्या तोंडून आलेली आहे. रात्री एकट्याने ऐकू नका असं म्हणणार होतो, पण खरं तर रात्रीच ऐका.

दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याचं नाव इथे पूर्ण लिहीत बसत नाही, ओळभर लांब आहे. त्यातले क्लार्क आणि हिलडेल हे लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या भागातले रस्ते; ‘व्हिस्की ए गो गो’ हा क्लब तिथलाच, लव्ह तिथे वाजवत असे. या गाण्यात ली कडव्याचा शेवटचा शब्द गिळतो. मध्ये ट्रम्पेट वाजतो आणि तोच शब्द पुढच्या कडव्याचा पहिला शब्द म्हणून येतो. शाळेत मोरोपंतांची दामयमकं ज्यांनी पाठ केली असतील त्यांना ही कसरत ओळखीची वाटेल, फक्त इथे एक टोक मुद्दाम मोकळं सोडलंय.

एक सूचना. ‘द गुड ह्यूमर मॅन’च्या शेवटी ट्रम्पेट अडखळत, तुटत वाजतो. सुई अडकलेली नाही. तो टेप कापून केलेला परिणाम आहे. धावत जाऊन टोनआर्म (सुईचा दांडा) उचलू नका.

‘बमर इन द समर’ मला अजूनही आवडत नाही. बॉब डिलनची नक्कल वाटते आणि इतर गाण्यांच्या पंगतीत परकी दिसते. पण लगेच ‘यू सेट द सीन’ येतं, जवळपास सात मिनिटांचं, तुकडे जोडून केलेलं. ली तेव्हा 22 वर्षांचा होता आणि आपण फार जगणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. हे आपले अखेरचे शब्द, या भावनेने त्याने ही गाणी लिहिली. प्रत्यक्षात तो 2006 पर्यंत जगला. मधली काही वर्षं तुरुंगात काढून बाहेर आल्यावर 2003 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने हा अख्खा अल्बम वाद्यवृंदासह सादर केला. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. आवाज थकलाय, पण शेवटच्या गाण्यात तो जे उभं करतो ते 1967 च्या मुद्रणालाही जमलेलं नाही.

अमेरिकेत हा अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे तिथल्या खपाच्या यादीत, 154 च्या वर चढला नाही. बँड लॉस एंजेलिस सोडून दौऱ्यावर जायला फारसा राजी नसायचा, त्याचा फटका बसला. ब्रिटनने मात्र जीव लावला: तिथे तो 24 व्या क्रमांकावर गेला आणि 2002 मध्ये काही खासदारांनी लीच्या गौरवाचा प्रस्तावही संसदेत मांडला.

आमच्या मित्रमंडळीत आवडत्या रेकॉर्डची यादी निघाली की पहिला नंबर ‘डार्क साइड ऑफ द मून’चा, मग ‘लेड झेपेलिन फोर’, मग बीटल्सवरून भांडण. पिंक फ्लॉइडचा तो अल्बम 1988 पर्यंत बिलबोर्डवर 741 आठवडे होता, तेव्हा बहुमताशी काय वाद घालणार? पण तो मी आता वर्षातून एखाद्या वेळीच लावतो. त्यात पुढे काय येणार हे घड्याळाच्या ठोक्यापासून पाठ झालंय आणि प्रत्येक आवाज जागच्या जागी बसलाय. ‘फॉरेव्हर चेंजेस’मध्ये चाल एका दिशेला जाते, शब्द दुसऱ्या, व्हायोलिनं तिसऱ्याच. डेव्हिड एंजलने ही वाद्यवृंदाची बाजू लिहिली, लीने गुणगुणून दाखवलेल्या जागा ऐकून. म्हणूनच ती वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

आता रेकॉर्डबद्दल. माझी प्रत नवी, जाड प्रेसिंगची आहे. शांत जागी किंचित करकर येते. दमट हवेत आतल्या कागदी पाकिटाला बुरशी धरली, ते फेकून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घातलं. आवाज खुला आहे, ट्रम्पेट झोंबत नाही, पण बास थोडा हलका आहे. मूळ इंजिनिअर आणि सहनिर्माता ब्रूस बॉटनिक याने नव्याने मास्टर केलेला 2018 चा पन्नाशीचा संच भारी आहे आणि किंमतही तशीच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही. आधी स्ट्रीमिंगवर नंतर जोडलेली जास्तीची गाणी वगळून मूळ अकराच गाणी ओळीने ऐका. शफल बंद ठेवा. दोन-तीन महिन्यांनी दुसरी बाजू आपणहून लावावीशी वाटली, तर एलपीवर पैसे घाला. नाहीतर त्याच पैशांत झॉम्बीजचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ घ्या. तो जास्त प्रसन्न आहे आणि घरच्यांनाही चालतो.